दहा बोटांवरचा संसार : पियानोवादिका क्लारा शूमान

पेटी आपल्या चांगल्या ओळखीची. शाळेतली प्रार्थना असो, देवळातले भजन असो, नाही तर गावातले नाटक असो, पेटीशिवाय रंग भरत नाही. पेटीच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्या ज्याने पाहिल्या त्याने पियानो अर्धा पाहिला, असे म्हणायला हरकत नाही. उरलेला अर्धा मात्र अगदी निराळा आहे. आज ज्या बाईंची हकिकत सांगायची आहे, ती नीट समजायची तर तो निराळा अर्धा आधी समजून घेऊ.

पेटीत भात्याची हवा सुरांमधून जाते आणि आवाज निघतो. एक हात भात्यावर, एक हात पट्ट्यांवर. पट्टी हळू दाबा की जोराने दाबा, आवाज तेवढाच. लहानमोठा करायचा तो भात्याने. पियानोत भाता नाही, हवा नाही. आत एका भक्कम चौकटीवर ताणून बसवलेल्या तारा असतात. आजच्या मोठ्या पियानोत अशा दोनशेहून अधिक तारा आणि 88 पट्ट्या असतात. पट्टी दाबली की आतला दांडा हलतो, त्याच्या टोकाची नमद्याने मढवलेली छोटी हातोडी उसळून तारेवर पडते आणि लगेच मागे येते. बोट उचलले की नमद्याची गादी तारेवर बसते आणि आवाज थांबतो. बोट हळुवार पडले तर सूर हळुवार, जोराने पडले तर सूर मोठा. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी क्रिस्टोफोरी नावाच्या कारागिराने 1700 च्या सुमारास ही करामत साधली. पियानो हे नावसुद्धा ‘हळू आणि मोठा’ या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच आले आहे.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात. दहाही बोटे एकाच वेळी निरनिराळे सूर बोलू शकतात. दुसरी ही, की पेटीसारखा सूर धरून ठेवता येत नाही. तो उमटला की विझू लागतो. विझणाऱ्या सुरांतून गाणे सलग ऐकू यावे, ही सगळी किमया वादकाच्या बोटांत हवी. त्यासाठी लहानपणापासून वर्षानुवर्षे मेहनत घ्यावी लागते.

आणखी एक फरक सांगून ठेवतो. आपला गवई राग मांडतो तो तिथल्या तिथे, आपल्या मनाने. युरोपात संगीत रचणारा एक असतो. तो सूर न् सूर कागदावर लिहून ठेवतो, आणि वाजवणारा दुसरा. आपल्याकडे पोथी वाचणारा असतो ना, तसे. पोथी दुसऱ्याची, पण वाचणारा चांगला असला तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, आणि वाईट असला तर ऐकणारा पेंगतो. सभेत पियानो वाजवणाऱ्याचा पेशा हा असा आहे.

हा पेशा साठ वर्षांहून अधिक काळ करणाऱ्या, त्यावर मोठे कुटुंब पोसणाऱ्या आणि त्याला नवे वळण लावणाऱ्या एका बाईंची ही हकिकत आहे. त्यांचे नाव क्लारा शूमान.

क्लाराचा जन्म 13 सप्टेंबर 1819 रोजी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. बाप फ्रीड्रिख वीक हा पियानोचा शिक्षक होता आणि पियानो विकण्याचा धंदाही करी. आई मारिआना गाणारी आणि वाजवणारी होती. नवरा-बायकोचे पटले नाही. आई घर सोडून गेली. तिथल्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणे मुलांवर हक्क बापाचा. क्लारा पाच वर्षांची झाली तशी आईला तिला बापाच्या हवाली करावे लागले.

या मुलीबद्दल घरच्यांना एक मोठी काळजी होती. चार वर्षे उलटली तरी ती बोलत नव्हती. ऐकूही कमी येते की काय, अशी सर्वांना शंका. बापाने तिला पियानोपाशी बसवले आणि शंका फिटली. शब्द कानांत शिरत नव्हते, पण सूर शिरत होते. पुढे बोलणेही आले.

इथे शिक्षकमंडळींनी जरा लक्ष द्यावे. वीकची शिकवण्याची पद्धत त्या काळाच्या मानाने फारच निराळी होती. त्याने मुलीला आधी कागदावरचे सूर वाचायला लावले नाही. आधी कानाने ऐकून, बोटांनी शोधून वाजवायला शिकवले. रोज एक तास धडा आणि दोन तास सराव. त्याहून अधिक नाही. मग उघड्या हवेत लांबवर पायी फिरायला न्यायचे. बोटांची कवायत हवी, पण कवायतीने मन मरता कामा नये, आणि गळ्यातून निघावा तसा सूर बोटांतून निघाला पाहिजे, असा त्याचा आग्रह. आजही कोणा गुरुजींना हे पाठ करून ठेवायला हरकत नाही.

पण याच शिक्षकाचे दुसरे रूपही पाहा. मुलगी सात वर्षांची झाल्यावर त्याने तिच्या नावाने रोजनिशी सुरू केली. रोजनिशी मुलीची, आणि लिहिणार बाप! ‘मी आज असे केले, मला आज असे वाटले’ असे तोच तिच्या वतीने लिही. पुढे ती स्वतः लिहू लागली तरी त्यावर बापाची नजर असे. मुलीने काय वाजवावे एवढेच नव्हे, तर तिला काय वाटावे हेही त्यानेच ठरवले. एवढा एक प्रकार ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे रामायण आपोआप उलगडते.

20 ऑक्टोबर 1828 रोजी, नऊ वर्षांची असताना, क्लारा लाइपझिगच्या गेवांडहाउस या नामांकित सभागृहात पहिल्यांदा लोकांपुढे बसली. त्या दिवशी ती दुसऱ्या एका वादिकेच्या जोडीने वाजवत होती. दोनच वर्षांनी त्याच सभागृहात तिने स्वतःची मैफल केली. मग बाप तिला घेऊन गावोगाव निघाला. 1831 साली वायमार शहरी महाकवी गटे यांच्यापुढे ती वाजवायला बसली तेव्हा खुर्ची तिला ठेंगणी पडली. ब्याऐंशी वर्षांच्या त्या थोर माणसाने स्वतः उठून तिच्यासाठी उशी आणून दिली. तिथून पॅरिस. नंतर बर्लिन, प्राग, व्हिएन्ना.

त्या काळी दौरा म्हणजे काय, याची कल्पना करा. आगगाडी तेव्हा जर्मनीत जेमतेम येऊ लागली होती. घोड्यांच्या गाडीत दिवस दिवस हाडे खिळखिळी करून घ्यायची. गावात पोचल्यावर सभागृह भाड्याने घ्यायचे, तिकिटे छापायची, दिवाबत्ती पाहायची, बड्या लोकांना चिठ्ठ्या पाठवायच्या. पियानो मिळेल तो. कुठे पट्ट्या जड, कुठे तारा उतरलेल्या. वीक स्वतः किल्ली घेऊन तारा जुळवत बसे आणि दारावरची तिकिटेही मोजत असे. मुलीने हे सारे पाहिले. पुढे ते तिच्या उपयोगी पडणार होते.

1837-38 च्या हिवाळ्यात व्हिएन्नाने तिला अक्षरशः डोक्यावर घेतले. तिथल्या उपाहारगृहांत तिच्या नावाचा केक मिळू लागला! बादशहाने तिला दरबारच्या वादिकेचा मान दिला. ती अवघी अठरा वर्षांची, त्यातून परदेशी, त्यातून वेगळ्या पंथाची, आणि त्यातून मुलगी. असा मान अशा व्यक्तीला मिळणे ही तिथे नवलाची गोष्ट होती.

त्याच सुमारास तिच्यावर एक टीका झाली, तीही ऐकण्यासारखी आहे. बर्लिनमध्ये तिने बीथोव्हेनची एक मोठी आणि अवघड रचना समोर कागद न ठेवता, मुखोद्गत वाजवली. आपल्याला यात काय विशेष वाटणार? आपला गवई कधी कागद समोर घेऊन बसला आहे? पण तिकडे त्या वेळी पाठ वाजवणे म्हणजे उद्धटपणा समजत. रचनाकाराचा कागद बाजूला सारणारी ही पोर कोण, असे एका प्रतिष्ठित लेखिकेने म्हटले. क्लाराने पाठ वाजवणे सोडले नाही. आज जगातले पियानोवादक सभेत बहुधा पाठच वाजवतात. ती रीत ज्या थोड्या लोकांनी पाडली त्यांत ही मुलगी होती.

आता बापलेकीच्या भांडणाकडे वळू. वीककडे रॉबर्ट शूमान नावाचा तरुण विद्यार्थी पियानो शिकायला आला होता. काही काळ त्याच घरात राहतही होता. उजव्या हाताचे बोट निकामी झाल्यामुळे त्याचा वादक होण्याचा मार्ग खुंटला, तेव्हा तो संगीत रचू लागला आणि संगीतावरचे एक नियतकालिक चालवू लागला. तो क्लारापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. दोघांची मने जुळली. 1837 साली तिच्या अठराव्या वाढदिवशी रॉबर्टने वीककडे तिला मागणी घातली. वीकने साफ नकार दिला.

बापाचे म्हणणे सगळेच खोटे होते असे नाही. रॉबर्टची मिळकत बेताची होती, प्रकृती नाजूक होती, मन हळवे होते. पण वीकचा खरा राग निराळा होता. तेरा-चौदा वर्षे खपून घडवलेली वादिका हातची जाणार होती. त्याने दोघांची भेट बंद केली, पत्रव्यवहारावर पहारा बसवला. 1839 च्या आरंभी क्लाराला पॅरिसला जायचे होते. तेव्हा बाप बरोबर गेला नाही. बापावाचून ही पोर एकही मैफल उभी करू शकणार नाही आणि मुकाट्याने परत येईल, असा त्याचा हिशेब होता. तो चुकला. एका फ्रेंच सोबतिणीला घेऊन ती गेली. सभागृह, पियानो, तिकिटे, चिठ्ठ्या, सगळे तिने स्वतः पाहिले. बापाच्या पाठीशी उभे राहून शिकलेली विद्या अशी कामाला आली.

त्या वर्षी दोघांनी न्यायालयात अर्ज केला. वडिलांची संमती मिळत नाही, तरी लग्नाची परवानगी मिळावी. वीकने रॉबर्टवर दारूबाजीचे आरोप केले. मुलीविरुद्धही एक मुद्दा मांडला. तो असा, की हिला कलावंत म्हणून वाढवले आहे, घरकाम शिकवलेले नाही, सबब ही संसार करायला लायक नाही. श्रोतेहो, हा मुद्दा लक्षात असू द्या. शिवाय समेट करायचा तर मुलीने सात वर्षांच्या मैफलींच्या कमाईवर पाणी सोडावे, अशीही अट त्याने घातली होती.

वर्षभर खटला चालला. वीकला आरोप शाबीत करता आले नाहीत. निकाल तरुणांच्या बाजूने लागला आणि 12 सप्टेंबर 1840 रोजी लाइपझिगजवळच्या शोनेफेल्ड या खेड्यातल्या चर्चमध्ये लग्न झाले. दुसऱ्या दिवशी क्लाराला एकविसावे वर्ष पुरे झाले. आता तिला क्लाराबाई म्हणायला हवे.

लग्नानंतर सगळे गोड झाले, असे सांगितले तर ती गोष्ट होईल, हकिकत होणार नाही. घरात दोन पियानो होते, पण भिंती पातळ. रॉबर्ट संगीत रचायला बसला की त्याला शांतता हवी. म्हणजे क्लाराबाईंचा सराव बंद. वादकाचा सराव आठ दिवस चुकला तर बोटांना कळते, महिनाभर चुकला तर श्रोत्यांना कळते. आपली बोटे मागे पडत आहेत ही खंत त्यांनी रोजनिशीत लिहून ठेवली आहे. त्यातून तेरा-चौदा वर्षांत आठ मुले झाली. त्यांतला एक मुलगा लहानपणीच गेला. त्या स्वतः संगीत रचीत. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी पियानो आणि वाद्यवृंदासाठी रचलेली मोठी रचना लाइपझिगला वाजली होती, आणि वाद्यवृंदाचे नेतृत्व मेंडेल्सन यांनी केले होते. तरीही विशीतच त्यांनी लिहून ठेवले, की बाईमाणसाने संगीत रचण्याची हाव धरू नये. त्या काळाने त्यांच्या मनावर घातलेले हे ओझे होते. आज त्यांच्या त्या रचना जगभर आवडीने वाजवल्या जातात.

पण मैफली थांबल्या नाहीत. घराला पैसा लागे, आणि तो रचनांपेक्षा मैफलींनी अधिक येई. 1844 साली नवरा-बायको रशियात गेले. बर्फातून, थंडीने गारठत पीटर्सबर्ग आणि मॉस्को गाठले. क्लाराबाईंचा जयजयकार झाला. रॉबर्ट मात्र वाटेत आजारी आणि मनाने खिन्न. ‘वादिकेचे यजमान’ म्हणून लोक आपल्याकडे पाहतात, हे त्याला टोचत असे. या परिस्थितीतही एक गोष्ट पक्की होती. रॉबर्टने लिहिलेले संगीत लोकांपुढे नेणारे हात क्लाराबाईंचे होते. त्याची पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली प्रसिद्ध रचना 1845 साली ड्रेस्डेनला प्रथम वाजली ती त्यांच्याच हातून.

बाप-लेकीचा अबोलाही याच काळात, 1843 साली, बापाने पत्र पाठवून संपवला. नातवंडांनी दुवा साधला म्हणायचा.

क्लाराबाईंच्या धैर्याचा एक प्रसंग सांगतो. 1849 च्या मे महिन्यात ड्रेस्डेनमध्ये राजाविरुद्ध उठाव झाला. रस्त्यांवर अडथळे रचले, गोळीबार सुरू झाला. उठाववाले घराघरांतून पुरुषांना लढाईला ओढून नेऊ लागले. क्लाराबाई नवऱ्याला आणि थोरल्या मुलीला घेऊन मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि त्यांना गावाबाहेर सुखरूप पोचवले. तीन लहान मुले मोलकरणीपाशी शहरातच राहिली होती. बाई सात महिन्यांच्या गरोदर. तरी रात्रीच्या अंधारात त्या शहरात परत शिरल्या, झोपलेल्या मुलांना उठवले आणि गोळ्यांच्या आवाजात त्यांना घेऊन बाहेर आल्या.

खरी कसोटी पुढे होती. 1850 साली कुटुंब ड्युसेलडॉर्फला गेले. रॉबर्टला तिथे वाद्यवृंदाच्या संचालकाची नोकरी लागली. पण मनाचा आजार वाढत गेला. कानांत सतत सूर वाजत, भास होत. 27 फेब्रुवारी 1854 रोजी त्याने घराबाहेर पडून ऱ्हाइन नदीत उडी घेतली. लोकांनी त्याला वाचवले. काही दिवसांनी त्याला बॉन शहराजवळच्या एन्डेनिख या गावी मनोरुग्णांच्या रुग्णालयात नेऊन ठेवले. डॉक्टरांनी क्लाराबाईंना भेटीची बंदी केली. बाई तेव्हा गरोदर होत्या, आणि घरात सहा मुले होती.

स्नेहीमंडळींनी मदत देऊ केली. बाईंनी ती नाकारली. मला वाजवता येते, मी कमावीन, असा त्यांचा बाणा. जूनमध्ये धाकटा मुलगा फेलिक्स जन्मला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाई दौऱ्यावर निघाल्या. योहानेस ब्राम्स हा विशीतला तरुण संगीतकार आदल्या वर्षी या घरी आला होता आणि घरचाच झाला होता. बाई दौऱ्यावर असताना तो मुलांकडे पाही आणि घरखर्चाची वही लिही. पुढे तो जगातल्या थोर रचनाकारांत गणला गेला.

दोन वर्षे अशी गेली. जुलै 1856 मध्ये रॉबर्टचा शेवट जवळ आल्याचे कळले, तेव्हा कुठे बाईंना त्याची भेट मिळाली. भेटीनंतर दोन दिवसांनी, 29 जुलैला, तो गेला. बाईंना सदतिसावे वर्ष चालू होते. सात मुले पाठीशी, आणि मिळकतीचे साधन एकच, दहा बोटे.

आता तो खटल्यातला मुद्दा आठवा. कला शिकली म्हणून ही संसाराला नालायक, असे बाप न्यायालयात म्हणाला होता. संसार उभा राहिला तो त्या कलेवरच.

पुढली पस्तीस वर्षे बाईंनी जे केले ते एखाद्या कष्टकरी माणसासारखे केले. दरसाल हिवाळा आला की दौरे. जर्मनी, ऑस्ट्रिया, हॉलंड, स्वित्झर्लंड, आणि 1856 ते 1888 या काळात वारंवार इंग्लंड. मुलांना कुणाला आजीकडे, कुणाला वसतिगृहात, कुणाला ओळखीच्या घरी ठेवावे लागे. थोरली मेरी आईचा उजवा हात झाली. 1862 साली बाडेन-बाडेनजवळ लिख्टेन्टाल इथे बाईंनी स्वतःच्या कमाईने एक घर घेतले. उन्हाळ्यात सगळे तिथे गोळा होत. आईची माया मुलांना वर्षातून काही आठवडेच भरभरून मिळे. त्याची खंत मुलांनाही होती, आईलाही होती. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दुःखांनी पाठ सोडली नाही. मुलगा लुडविग मनाच्या आजाराने कायमचा रुग्णालयात गेला. 1872 साली ज्युली गेली, 1879 साली फेलिक्स गेला. फर्डिनांडला युद्धानंतर दुखण्यावरच्या औषधाचे, मॉर्फिनचे, व्यसन लागले आणि 1891 साली तोही गेला. त्याच्या मुलांना आजीने पोसले. मध्यंतरी बाईंच्या हातांना असे दुखणे लागले की काही काळ वादन थांबवावे लागले. बरे वाटताच त्या पुन्हा पियानोपाशी बसल्या.

आणि हे सगळे करताना त्यांनी मैफलीचे रूप पालटले. त्यांच्या लहानपणी मैफल म्हणजे एक प्रकारची जत्राच होती. एक गाणे, एक बासरी, थोडा वाद्यवृंद, मध्येच बोटांची कसरत दाखवणारा पियानो. लोक बोटांचा वेग पाहायला येत. लहानगी क्लाराही तेच वाजवी. पुढे त्यांनी कसरती सोडल्या. बाख, बीथोव्हेन, शोपँ, शूमान यांच्या मोठ्या रचना त्या वाजवू लागल्या, त्याही रचनाकाराने लिहिल्या तशा, पदरची वेलबुट्टी न लावता. आपण रचनेपेक्षा मोठे दिसायचे नाही, रचना आपल्यातून दिसली पाहिजे, असे त्यांचे व्रत. लोक पाहायला येणे थांबले आणि ऐकायला येऊ लागले. रॉबर्टच्या हयातीत त्याचे संगीत फार थोड्यांना रुचत असे; ते जगाने आपलेसे केले त्यात या बाईंच्या चिकाटीचा वाटा मोठा आहे. त्याच्या सगळ्या रचनांची संपादित आवृत्ती त्यांनी 1881 ते 1893 या काळात, ब्राम्सच्या मदतीने, छापून पुरी केली.

1878 साली फ्रँकफुर्टमध्ये होख यांच्या नावाची नवी संगीतशाळा निघाली. तिथे शिक्षक म्हणून बाईंना बोलावले. शिक्षकवर्गात त्या एकट्याच बाई. पण त्यांनीही आपल्या अटी घातल्या : दौऱ्यांसाठी रजा मिळावी आणि शिकवणे आपल्या घरी व्हावे. संस्थेने त्या मान्य केल्या. 1892 पर्यंत त्यांनी तिथे शिकवले. इंग्लंड-अमेरिकेपासून मुली त्यांच्याकडे येत. नवख्या मुली आधी मेरी आणि युजेनी या लेकींच्या हाताखाली तयार होत आणि मग बाईंपुढे बसत. आणि शिकवणे कोणते? तेच, बापाचे! हात ताठ नको, पट्टीवर आपटू नका, बोटाने पट्टी जवळून दाबा, सूर गाऊ द्या.

वीक 1873 साली वारला. ज्याच्याविरुद्ध न्यायालयात उभे राहावे लागले त्या बापाविषयी उतारवयातही बाईंच्या मनात कडवटपणा उरला नव्हता. लोक त्याला जुलमी म्हणत, पण त्याच्या शिस्तीमुळेच माझे हात आणि प्रकृती जन्मभर टिकली, त्याची मी ऋणी आहे, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले आहे. मला वाटते, या हकिकतीचे मर्म इथे आहे. बापाने विद्या दिली ती खरी, आणि ती अव्वल दर्जाची दिली. चूक एवढीच झाली, की दिलेली विद्याही आपलीच आणि विद्या घेणारीही आपलीच, असे तो समजून बसला. बी पेरणाऱ्याने झाडाच्या सावलीवर पहारा बसवावा, तसे ते झाले. मुलीने विद्या ठेवून घेतली, कृतज्ञता ठेवली, पण आयुष्याची मालकी मात्र बापाकडे राहू दिली नाही. आपल्या गावात एखादी मुलगी गाण्यात, गणितात, धावण्यात पुढे असते. तिला शिकवणारे आपण असतो. कुठवर हात धरायचा आणि कुठे सोडायचा, हा प्रश्न आपल्यालाही चुकत नाही.

12 मार्च 1891 रोजी फ्रँकफुर्टला क्लाराबाई शेवटच्या वेळी लोकांपुढे वाजवायला बसल्या. वय एकाहत्तर. कानांनी नीट ऐकू येईनासे झाले होते. लहानपणी सगळ्यांना वाटलेली शंका म्हातारपणी अशी खरी व्हावी, हा योगायोगच. त्यांच्या मैफलींच्या तेराशेहून अधिक छापील कार्यक्रमपत्रिका आज जपून ठेवलेल्या आहेत. 20 मे 1896 रोजी त्या वारल्या. बॉनच्या जुन्या दफनभूमीत, रॉबर्टच्या शेजारी, त्यांना पुरले.

1990 साली जर्मनीत शंभर मार्कांची नवी नोट निघाली. तिच्या एका बाजूला क्लाराबाईंचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला पियानो होता. 2002 साली युरो हे नाणे येईपर्यंत ती नोट व्यवहारात होती. ज्या मुलीला सात वर्षांच्या कमाईवर पाणी सोडायला सांगितले होते तिचे चित्र देशाने नोटेवर छापले!

तुम्ही विचाराल, या बाई वाजवत कशा होत्या, ते ऐकायला मिळेल का? त्यांचे स्वतःचे वादन मुद्रित होऊन आपल्यापर्यंत आलेले नाही. पण त्यांच्याकडे शिकलेल्या फॅनी डेव्हिस आणि अ‍ॅडेलिना डी लारा यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आहेत. डी लारा तर 1961 पर्यंत हयात होत्या आणि इंग्लंडात नभोवाणीवरूनही त्यांनी आपल्या गुरूची वाजवण्याची रीत लोकांना ऐकवली. लाइपझिगच्या एका घरात, न बोलणाऱ्या मुलीला बापाने शिकवलेली ती रीत अशी हातांतून हातांत आणि शेवटी आपल्या या नभोवाणीच्या पेटीपर्यंत आली. कधी रेडिओवर पियानो लागला, तर लगेच काटा फिरवू नका. एक सूर विझायच्या आत दुसरा त्याला कसा येऊन मिळतो, तेवढेच कान देऊन ऐका. क्लाराबाईंची सारी मेहनत त्या तेवढ्या जागेत आहे.